एक पिळा जास्त

डिचोलीच्या बाजारातून साखळीला निघायचं होतं. वरून पावसाची धार. किल्ली फिरवली तर बॉनेटखाली नुसतं ‘टक्’. हॉर्न वाजत होता, दिवे लागत होते, सेल्फ मात्र घेत नव्हता. नवी बॅटरी बसवून चारच दिवस झाले होते. बसवणाऱ्याने शेवटी पान्यावर सगळं अंग टाकलं होतं आणि म्हणाला होता, “घट्ट केला, आतां कांय जावचें ना!”

बॉनेट उघडलं. नट खरंच जागचा हलत नव्हता. पण क्लॅम्पची दोन्ही तोंडं एकमेकांना भिडली होती आणि क्लॅम्प शिशाच्या खुंटावर हाताने गोल फिरत होता. जास्त आवळल्यामुळेच तो सैल पडला होता.

शिसं नखानेही ओरखडतं. लहान गाड्यांत या नटाला साधारण 5 न्यूटन-मीटर पुरतात. नटापासून 10 सेंटीमीटरवर पान्याला 10 किलोचा जोर दिला की जवळपास 10 न्यूटन-मीटर होतात, म्हणजे दुप्पट. तापलेल्या मनगटाला एवढा जोर कळतही नाही. सेल्फ धरून ठेवणारे बोल्ट जाड. त्यांना बऱ्याच गाड्यांत 40 च्या आसपास लागतात. डायनमोच्या जाड वायरीचा नट या दोहोंच्या मधला. प्रत्येक गाडीचा आकडा तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, आणि तो पाहिल्याशिवाय पाना उचलू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सैल जोडही तितकाच वाईट. सेल्फ फिरताना लहान गाडीही 150 अँपिअरच्या आसपास ओढते. जोडात ओहमचा शंभरावा भाग अडथळा असला तरी दीड व्होल्ट तिथेच खर्च होतो आणि जोड तापतो. दिव्यांना थोडकाच करंट लागतो, म्हणून ते पेटतात; मग माणूस बॅटरीला दोष देऊन दुसरी विकत घेतो. गाडी चालू असताना जोड सुटला तर डायनमोचं व्होल्टेज एकदम उसळतं. डायोड जातात, कधी इंजिनाचा कॉम्प्युटरही.

पेडण्यात केरी-मोरजीचा खारा वारा, डिचोलीत खाणींच्या रस्त्यांची लाल धूळ, आणि चार महिने ओल. गंजलेल्या आट्यांवर जोर मोजणारा टॉर्क पानाही फसतो, कारण बराचसा जोर गंजच खातो. तेलकट आट्यांवर उलटं: आकडा तोच, पण बोल्ट जास्त ताणला जातो. म्हणून आधी तारेच्या ब्रशने साफ करायचं, मग आवळायचं, ग्रीस शेवटी वरून. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची आणि सगळ्यात शेवटी जोडायची. नाहीतर पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडालीच.

पेडण्यात आणि डिचोलीत सरकारी आयटीआय आहेत. तिथल्या मुलांच्या हाती पहिल्याच वर्षी टॉर्क पाना द्यायला हवा. जानेवारी 2023 पासून पेडण्यातल्याच मोपा विमानतळावरून विमानं उडतात; रात्री-अपरात्री तिथे भाडं घेऊन जाणाऱ्या टॅक्सीवाल्याला ‘टक्’ परवडत नाही.

त्या दिवशी जवळच्याच गॅरेजमधल्या पोराने क्लॅम्प बदलला. मी डिकीतला छोटा टॉर्क पाना त्याच्या हातात दिला. ‘खट्’ झालं, तो थांबला. हात अजून पिळायलाच निघाला होता.

“इतलोच?” त्याने विचारलं.

“इतलोच.”

किल्ली फिरवली.