सगळ्यात स्वस्त टार्गेट

केंद्र सरकारच्या जून 2025 च्या आदेशाने वैज्ञानिक संस्थांचे हात खरेदीपुरते बरेच मोकळे झाले. कोटेशनविना थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर गेली, खरेदी समितीची दहावरून पंचवीस लाखांवर. खरेदी विभागांच्या कानावर मात्र ही बातमी अजून गेलेली दिसत नाही. वाचकांच्या पत्रांत तीच रड: तीन कोटेशनं आणा आणि त्यातलं स्वस्त घ्या.

एका वाचकाची हकीकत पाहा. शंकूच्या आकाराच्या स्प्रिंगचा मायक्रोॲक्चुएटर करण्यासाठी त्यांनी पॅलॅडियम-तांबे-सिलिकॉनचं स्पटरिंग टार्गेट मागवलं. प्रमाण 76:7:17, तेव्हाच्या टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत हाता आणि शिमोकोबे यांच्या गटाने वापरलेलं. या मेटॅलिक ग्लासच्या फिल्ममध्ये सपाट सर्पिल कोरायचं, मधला भाग वर ढकलून धरायचा आणि निर्वातात सुपरकूल्ड द्रव अवस्थेपर्यंत तापवायचं. थंड झाल्यावर शंकू उभाच राहतो. व्होल्टेज दिलं की कडेपासून एकेक वेढा खाली बसत जातो, म्हणून तर एवढा लांब स्ट्रोक मिळतो.

कोटेशनं तीन आली. दोघांनी ते आकडे अणुटक्के धरले, तिसऱ्याने वजनी टक्के. अणुटक्क्यांच्या हिशोबाने टार्गेटच्या वजनात जवळजवळ 90 टक्के पॅलॅडियम लागतं; तिसऱ्याचं 76 मध्येच भागलं. अर्थात तोच एल-वन! सिलिकॉन 17 वरून 42 अणुटक्क्यांवर गेलं. अशा फिल्मला सुपरकूल्ड अवस्थेची खिडकी मिळणार कुठून? ढकलताक्षणी सर्पिलं तुटली. टार्गेट परत करू म्हटलं, तर फाइलवर शेरा: 'पुरवठा मागणीपत्रानुसार आहे.' नवं मागितलं, तर दुसरा शेरा: 'तीच वस्तू पुन्हा का?' जीएसटी अठरा टक्के भरला तो वेगळाच. जुलै 2022 पर्यंत संशोधन संस्थांना तो पाच टक्केच होता.

खरेदी विभागाची बाजू आम्ही घेणार नाही. सामान्य वित्तीय नियमांतल्या नियम 155 प्रमाणे खरेदी समितीने बाजारात दर, गुणवत्ता आणि स्पेसिफिकेशन ही तिन्ही पाहायची असतात. नुसती बेरीज-वजाबाकी करायला समिती कशाला? पण मागणीपत्रात 'अणुटक्के' हा शब्द लिहायचा कोणी, लेखाधिकाऱ्याने? आपल्यातले कितीतरी जण जुन्या मागणीपत्रावर तारीख बदलून सही ठोकतात आणि मग आम्हाला चार पानी पत्र लिहितात.

तेव्हा मंडळी, आदेशाची प्रत मागणीपत्राला टाचा. अणुटक्के, शुद्धता, व्यास, जाडी, बॅकिंग प्लेटचं बाँडिंग, सगळं लिहा. पहिल्या फिल्मचं ईडीएक्स आणि डीएससी पसंत पडल्याशिवाय बिल मंजूर होणार नाही, ही अट घाला. आणि जे स्पेसिफिकेशन एकदा मंजूर होऊन माल नीट आला, ते आमच्याकडे पाठवा. संस्थेचं नाव न देता आम्ही जसंच्या तसं छापू. कृपा करून त्यावर 'गोपनीय' असा शिक्का मारू नका.