ठिपके किती, कागद केवढा?

मोबाइलवर लख्ख दिसणारा फोटो कागदावर मोठा करून आणला, की कधी कधी गढूळ पाण्यातून पाहिल्यासारखा दिसतो. असं का होत असेल बरं? बरेचजण फोटोवाल्याला दोष देतात. पण खरं कारण साध्या गुणाकार-भागाकारात दडलेलं असतं.

दारापुढची रांगोळी आठवा. अकरा ठिपके, अकरा ओळी. पाटाएवढ्या जागेत काढली तर कशी भरीव दिसते! तेच ठिपके अख्ख्या अंगणात पसरले तर? अंगण मोठं झालं, पण ठिपके १२१ च राहिले. फोटोचंही तसंच आहे. तो बारीक रंगीत चौकटींचा बनलेला असतो. त्यांना पिक्सेल म्हणतात. आपण ठिपकेच म्हणू. एका ओळीत ४००० ठिपके आणि अशा ३००० ओळी असल्या, तर एकूण एक कोटी वीस लाख. यालाच १२ मेगापिक्सेल म्हणतात. फोटो उघडून त्याचा तपशील, म्हणजे डिटेल्स पाहिले, की हे दोन आकडे दिसतात.

आता कागदाकडे वळू. एक फुटावर धरलेल्या कागदावर एका इंचात साधारण ३०० ठिपके असले, तर आपल्या डोळ्यांना ते सुटे दिसत नाहीत. म्हणून फोटोवाले ३०० चा आकडा धरतात. नेहमीचा ४ बाय ६ इंचांचा फोटो घ्या. ६ गुणिले ३०० म्हणजे १८००, आणि ४ गुणिले ३०० म्हणजे १२००. झालं, एवढे ठिपके पुरतात! पण ए-फोर कागदभर फोटो हवा असेल, तर सुमारे ३५०० गुणिले २५०० ठिपके लागतात.

मग महामार्गावरचा भलामोठा फ्लेक्स कसा छापतात? त्याला तर अब्जावधी ठिपके लागत असतील? मुळीच नाही! फ्लेक्स आपण लांबून बघतो. अंतर वाढलं की कमी ठिपक्यांवर भागतं. हिशेब सोपा आहे: ३०० ला फुटांतल्या अंतराने भागा. दहा फुटांवरून बघायचं असेल, तर इंचाला ३० ठिपके पुरे. म्हणजे ६ फूट बाय ४ फुटांच्या फ्लेक्सला २१६० गुणिले १४४० ठिपके लागतील. ए-फोर फोटोपेक्षाही कमी! जवळ जाऊन पाहा, सगळे ठिपके उघडे पडलेले दिसतील.

ठिपक्यांची ही युक्ती जुनीच आहे बरं का. वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरा. लहान-मोठे ठिपकेच दिसतील. पूर्वी फोटोवरून असे ठिपक्यांचे ठसे, म्हणजे ब्लॉक बनवून छापत. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट पडद्यावर आणणारे दादासाहेब फाळके मूळचे आपल्या घोटीजवळच्या त्र्यंबकेश्वरचे. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी त्यांनी फोटोग्राफी केली होती आणि छापखानाही चालवला होता.

आता एक खरीखुरी अडचण सांगते. आमच्या वर्गातल्या एका मुलीची आजी गेली. घरात आजीचा एकटीचा फोटोच नव्हता. होता तो मामाच्या लग्नातला, तीस माणसांचा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला. त्यातली आजी तेवढी कापून १० बाय १२ इंचांची फ्रेम करायचं घरच्यांनी ठरवलं.

आम्ही वर्गात हिशेब मांडला. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवलेला फोटो बारीक होतो. आलेला फोटो १६०० गुणिले १२०० चा होता आणि आजीच्या वाट्याला त्यातले २०० गुणिले २४० ठिपके आले होते. १० इंचांत २०० ठिपके, म्हणजे इंचाला फक्त २०! पंधरा फुटांवरून बघायला हवं. घरात तेवढी जागा कुठली?

कुणीतरी एका अ‍ॅपमधून तो ‘साफ’ करून आणला. चेहरा चकचकीत झाला, पण आजीच्या कपाळावरचं गोंदण गेलं, सुरकुत्या गेल्या. मुलगी म्हणाली, “बाई, ही आजी नाही.” अगदी बरोबर! फोटोत जे ठिपके नाहीत, ते अ‍ॅप अंदाजाने भरतं. त्याने आपल्या आजीला कुठे पाहिलंय?

मग मामाला फोन केला. मूळ फोटो त्याच्या जुन्या मोबाइलमध्ये अजून होता. तो त्याने ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तेव्हा पूर्ण ४००० गुणिले ३००० चा आला. आता आजीचे ठिपके झाले ५०० गुणिले ६००. फ्रेमही त्यांनी लहान केली, ५ बाय ६ इंचांची. इंचाला १०० ठिपके, तीन फुटांवरून स्वच्छ! गोंदणासकट आजी भिंतीवर आली.

तेव्हा मुलांनो, एवढं लक्षात ठेवा:

• मूळ फोटो जपून ठेवा. मोबाइल विकण्याआधी किंवा बदलण्याआधी फोटो दुसरीकडे उतरवून घ्या.
• छापायचा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.
• कापलेल्या भागाचे ठिपके मोजा, अख्ख्या फोटोचे नाही.
• संगणकात ७२ चा आकडा पुसून नुसता ३०० लिहिला, म्हणून नवा तपशील येत नाही.
• मोबाइलचा फोटो बहुधा ४ बाय ३ च्या प्रमाणात असतो. तो ४ बाय ६ च्या कागदावर काठोकाठ छापला की कडा कापल्या जातात. वर्गाचा फोटो काढताना डोक्यांच्या वर आणि पायांच्या खाली थोडी जागा सोडा.

आणि हो, आजी-आजोबांचा एकेकट्याचा, जवळून काढलेला एक फोटो या रविवारी नक्की काढा.

सोडवा पाहू: सहलीत काढलेला कळसूबाईचा फोटो २४०० गुणिले १८०० ठिपक्यांचा आहे. एक फुटावर हातात धरून बघायला तो जास्तीत जास्त केवढा छापाल? आणि सहा फुटांवरून बघायला केवढा?

(उत्तर: ८ बाय ६ इंच, ४८ बाय ३६ इंच, म्हणजे ४ फूट बाय ३ फूट.)