बढती नाकारण्यापूर्वी

कोलकात्यात नोकरी करणारे आमचे मराठी रेल्वे व टपाल बांधव युनियनच्या कचेरीत येतात, तेव्हा एक प्रश्न हमखास विचारतात. "बढतीचा हुकूम आला आहे, पण बदली बाहेरगावी. घ्यावी की नाकारावी?" घरी मुलांची शाळा असते, म्हातारे आईवडील असतात. म्हणून बरेच जण नकाराचा अर्ज लिहूनच येतात. त्या अर्जावर सही करण्यापूर्वी चार गोष्टी सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम आजचा हिशेब. मूळ पगार ४०,००० धरा. सातव्या वेतन आयोगाच्या दराने, जानेवारी २०२४ पासून, कोलकात्यात घरभाडे भत्ता ३० टक्के, म्हणजे १२,००० रुपये. लहान गावी तो १० टक्के, म्हणजे ४,००० रुपये. बढतीने मिळते एक वेतनवाढ, साधारण १,२०० रुपये आणि त्यावरील महागाई भत्ता. म्हणजे बढती घेणाऱ्याच्या हाती पहिल्या महिन्यात पगार कमीच पडतो! नाकारणाऱ्याला मूर्ख म्हणणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

आता उद्याचा हिशेब. घरभाडे भत्ता पेन्शनमध्ये धरत नाहीत. जुन्या पेन्शनचा पाया मूळ पगार. २००४ नंतर लागलेल्यांची एनपीएसची वर्गणी मूळ पगार व महागाई भत्त्यावर. १ एप्रिल २०२५ पासूनची एकीकृत पेन्शन योजना घेतलेल्यांना २५ वर्षांच्या सेवेनंतर मिळणारे ५० टक्के, तेही शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराचे. रनिंग स्टाफला ५५ टक्क्यांची जोड मिळते, ती लढून मिळवलेली आहे. इतरांना ती नाही. भत्ता आज चूल पेटवतो, मूळ पगार म्हातारपणी.

नकाराची किंमतही समजून घ्या. रेल्वेत बढती नाकारली की वर्षभर पुन्हा विचार होत नाही, आणि त्या काळात बढती घेतलेला कनिष्ठ पुढे ज्येष्ठ ठरतो. १ सप्टेंबर २००८ पासून लागू झालेल्या एमएसीपीत १०, २० व ३० वर्षांनी वरची वेतनपातळी मिळते. पण त्याआधी नियमित बढती नाकारली असेल तर ती मिळत नाही. एकदा मिळाल्यावर नाकारली, तर मिळालेली काढून घेत नाहीत, परंतु पुढची लांबते. हे अनेकांना नकार दिल्यानंतर कळते.

टपाल बांधवांचे तसेच. पोस्टमनने परीक्षा देऊन पोस्टल असिस्टंट होणे म्हणजे पातळी ३ वरून ४. वाढ लहान, पण इन्स्पेक्टरच्या परीक्षेचे दार तिथून उघडते, आणि ते पद पातळी ७ चे आहे.

२००३ साली दक्षिण पूर्व रेल्वेचे विभाजन झाले, नागपूर विभाग गार्डन रीचच्या हाताखालून निघून बिलासपूरच्या नव्या क्षेत्रात गेला. तेव्हाही हाच पेच होता: महानगर धरून राहावे, की नव्या मुख्यालयात नवी ज्येष्ठता यादी पत्करावी? एकच उत्तर सर्वांना लागू नव्हते, आजही नाही. निवृत्तीला तीन वर्षे उरलेल्याचा हिशेब वेगळा, पंचवीस वर्षे उरलेल्याचा वेगळा. तरुण बांधवांना आमचा सल्ला स्पष्ट आहे: बढती घ्या. ज्यांच्या घरी आजारपण आहे, त्यांनी नाकारली तर त्यात लाज नाही. मात्र ज्येष्ठता यादी आणि एमएसीपीची तारीख पाहून, युनियनला विचारून नाकारा.

पण सारा दोष कामगाराच्या माथी मारणे आम्हाला मान्य नाही. बढती शिक्षेसारखी वाटावी, ही व्यवस्था कोणी केली? बदलीच्या गावी क्वार्टर द्या, शाळेचे वर्ष संपेपर्यंत जुने क्वार्टर ठेवू द्या, पतिपत्नींना एका ठिकाणी ठेवा, रिक्त जागा त्याच विभागात भरा. या मागण्या घेऊन आम्ही प्रशासनापुढे उभे आहोत. आजची भाकरी की उद्याचा आधार, यातून एकच निवडण्याची पाळी कामगारावर येऊ नये, यासाठीच संघटना असते. शाखेच्या पुढच्या सभेला या, आणि येताना आपली सेवापुस्तिका तपासून या.