औषध घडविणाऱ्यांचे काय?

'लातूर पॅटर्न'ने डॉक्टर घडविले; त्याचे कौतुक रास्तच. परंतु डॉक्टरांच्या हाती औषध कोण देणार? मेंदूच्या कर्करोगात हा प्रश्न जीवघेणा ठरतो. रक्त आणि मेंदू यांमधील नैसर्गिक अडसर बहुतेक औषधांना ओलांडता येत नाही. तो ओलांडणारे टेमोझोलोमाइड इंग्लंडमधील ॲस्टन विद्यापीठात, मॅल्कम स्टीव्हन्स यांच्या प्रयोगशाळेत जन्मले. किरणोपचाराला त्याची जोड दिल्यास ग्लायोब्लास्टोमाचे निम्मे रोगी १२.१ ऐवजी १४.६ महिने जगतात, हे २००५ साली सिद्ध झाले. अवघे अडीच महिने. त्यांमागे दोन दशकांहून अधिक श्रम!

नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४ साली स्थापन झाले. तेथे रसायनशास्त्र शिकलेल्या शेतमजुराच्या मुलीने एवढा काळ कशाच्या आधारावर काढावा? घरी दरमहा पैसे धाडण्याची निकड असताना विद्यावेतन चार महिने थकले, की संशोधन सुटते आणि खासगी शिकवणी वर्गातली नोकरी धरावी लागते. तेव्हा संशोधकांचे विद्यावेतन प्राध्यापकांच्या पगाराबरोबरच, त्याच तारखेला मिळावे, अशी मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे.