एमबीएचा निर्णय जाहिरातीवर नको, हिशेबावर घ्या

दरवर्षी प्रवेशाचा हंगाम आला की आपल्या वस्त्यांमधून एकच प्रश्न ऐकू येतो. मुलगा किंवा मुलगी पदवीधर झाली, आता बँकिंग-फायनान्समध्ये जायचे आहे, मग एमबीए कुठून करायचे? एका हातात खासगी संस्थेचे गुळगुळीत माहितीपत्रक असते. दुसऱ्या हातात बापाच्या भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब असतो. हा प्रश्न एका घराचा नाही, तो समाजाच्या उद्याचा आहे, असे आम्ही मानतो.

विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतो. पण ते आधी अर्थशास्त्रज्ञ होते, हे विसरतो. १९२३ साली त्यांनी लंडनमध्ये डीएस्सी मिळवली ती रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधावर. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडावे लागले. तेव्हा मिळेल त्या पदवीवर त्यांनी समाधान मानले नाही. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठवले, राजर्षी शाहू महाराजांचे आणि मित्राचे साहाय्य घेतले आणि १९२० मध्ये ते त्याच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये परत गेले. संस्था पारखून घ्यावी आणि पैशाची तजवीज आधी करावी, हा धडा आपल्याला तिथेच मिळतो.

आज हा धडा अधिक निकडीचा झाला आहे. बँकांच्या राष्ट्रीयीकरणानंतर आरक्षणामुळे आपल्या हजारो घरांत बँकेची नोकरी आली. त्याच नोकरीवर पुढची पिढी शिकली. पण विलीनीकरणाच्या सपाट्यात सरकारी बँका २०१७ पूर्वीच्या २७ वरून २०२० मध्ये १२ वर आल्या. खासगी बँका, म्युच्युअल फंड, दलाली पेढ्या यांच्या नोकरभरतीत आरक्षण नाही. म्हणजेच या क्षेत्रात शिरताना संविधान आपल्या बाजूने उभे राहते असे शेवटचे दार म्हणजे चांगल्या सरकारी व्यवस्थापन संस्थेचा प्रवेश. हे दार सोडून भलत्याच दाराशी पैसे ओतणे आपल्याला परवडणारे नाही.

मग निवड कशी करावी? पहिला क्रम सरकारी संस्थांचा. आयआयएममध्ये अनुसूचित जातींना १५ टक्के आणि जमातींना साडेसात टक्के जागा कायद्याने राखीव आहेत. कोलकात्याचे आयआयएम तर वित्त विषयासाठीच नावाजलेले आहे. तिथले दोन वर्षांचे शुल्क वीस लाखांच्या पुढे जाते, हा आकडा ऐकूनच अनेक पालक माघार घेतात. पण केंद्राची 'टॉप क्लास' शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याचे सरकारी संस्थेतील पूर्ण शिक्षण शुल्क त्यातून मिळू शकते. जागा मर्यादित असतात, म्हणून चौकशी आधी करावी. दिल्ली विद्यापीठाच्या एफएमएसचे शुल्क आयआयएमच्या मानाने फारच कमी आहे. मुंबईत चर्चगेटला जमनालाल बजाज आणि सिडनहॅमची व्यवस्थापन संस्था आहे. रिझर्व्ह बँक, सेबी, शेअर बाजार सारे याच शहरात असल्याने वित्तक्षेत्रात जाऊ पाहणाऱ्याला हे मोठे बळ आहे.

आता खासगी संस्थांचे पाहू. त्यांच्या जाहिरातीत सर्वाधिक पगाराचा आकडा ठळक असतो. तो एकाच विद्यार्थ्याचा असू शकतो. पगारांची उतरंड लावली तर बरोबर मधल्या विद्यार्थ्याला किती मिळाले, हे विचारा. फायनान्सचे म्हणून किती जण लागले आणि त्यांचे काम नेमके काय, हेही विचारा. कर्जांची छाननी, जोखीम, ट्रेझरी, शेअर संशोधन हे वित्ताचे काम. दारोदार विमा विकणे आणि खाती उघडण्याचे लक्ष्य गाठणे यालाही काही संस्था 'फायनान्स प्लेसमेंट' म्हणतात. त्या कामात कमीपणा नाही, पण त्यासाठी बारा लाखांची पदवी कशाला?

बारा लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे वीस हजार रुपये पडतो. पगार पस्तीस हजार आणि मुंबईत भाड्याची खोली, तर हातात काय उरणार? व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर शिष्यवृत्ती आणि फ्रीशिपही हातची जाते. शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच जा, असे आमचे स्पष्ट सांगणे आहे. चांगली संस्था यंदा मिळाली नाही तर एक वर्ष नोकरी करून पुन्हा परीक्षा द्यावी. एक वर्ष गेले तर भरून निघते, दहा वर्षांचे कर्ज माणसाला वाकवते.

कागदपत्रांत तर आपण हमखास मार खातो. राज्यातील प्रवेशासाठी जात पडताळणी प्रमाणपत्र लागते, ते आयत्या वेळी मिळत नाही. केंद्रीय संस्थांना जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, तरी दाखल्याचा नमुना चुकला की मुलांना हेलपाटे घालावे लागतात. कॅटची परीक्षा नोव्हेंबरच्या अखेरीस असते. त्याच्या वर्षभर आधी हे दाखले घरात हवेत.

शेवटी एक मागणे, आणि ते विद्यार्थ्यांकडे नाही. बँकांतून निवृत्त झालेले आपले अधिकारी गावोगाव आहेत. त्यांनी रविवारी दोन तास बुद्ध विहारात बसून मुलांचे अर्ज तपासावेत, कर्जाचे कागद वाचून दाखवावेत. जयंतीच्या मिरवणुकीवर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग वस्तीतल्या एका मुलीच्या कॅटच्या शिकवणीसाठी काढावा. ज्यांनी रुपयाचा अभ्यास करून साम्राज्याच्या चलन आयोगापुढे साक्ष दिली, त्यांच्या लेकरांनी पैशाच्या व्यवहारात फसू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

जयभीम!