जुन्या विजेच्या दुचाकीचे मोल कोण ठरवणार?

काशीतील दुर्गाघाट हा अठराव्या शतकात पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित यांनी बांधलेला घाट. त्याच्या मागच्या अरुंद गल्ल्यांत मोटार शिरू शकत नाही. चालणाऱ्याच्या दिमतीला असते ती दुचाकीच. म्हणून विजेच्या दुचाकीची खरी कसोटी मला महानगरांच्या रुंद रस्त्यांपेक्षा अशा वस्तीत दिसते. गाडी चालते का, हा प्रश्न आता जुना झाला. पाच वर्षांनी ती विकायला काढली तर किती पैसे येतील, हा प्रश्न मात्र अनुत्तरित आहे.

पेट्रोलच्या गाडीचे इंजिन सुरू करून जाणता मिस्त्री आवाजावरून आणि धुरावरून तिची किंमत सांगतो. बॅटरी मुकी असते. लिथियम-आयन बॅटरी वापराने झिजते, तशी नुसत्या वयानेही झिजते आणि उष्णता ही झीज वाढवते. वाराणसीच्या मे-जूनच्या उन्हात पूर्ण चार्ज करून ठेवलेली गाडी आणि सावलीत जपलेली गाडी यांच्या मीटरवर किलोमीटर सारखेच दिसतील; बॅटरीची उरलेली ताकद सारखी नसेल. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ऑगस्ट २०२० मध्ये बॅटरीविना गाडी विकण्यास परवानगी दिली, तेव्हा बॅटरीचा खर्च गाडीच्या किमतीच्या ३० ते ४० टक्के असतो, असे नमूद केले होते. म्हणजे गाडीच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाचे मोल गिऱ्हाईक अंदाजाने ठरवते. अंदाज करणारा नेहमी वाईटच धरून चालतो. परिणामी, गाडी निगुतीने वापरणाऱ्याला निष्काळजी मालकाइतकाच भाव मिळतो.

सरकारी धोरणाने ही अनिश्चितता वाढवली आहे. ‘फेम-२’ योजनेतील दुचाकींचे अनुदान जून २०२१ मध्ये दर किलोवॉट-तासाला १५,००० रुपये झाले, जून २०२३ मध्ये १०,००० वर आले. ऑक्टोबर २०२४ च्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’मध्ये ते ५,००० आणि पुढे २,५०० ठरले. नव्या गाडीची किंमत अशी हलली की जुनीचा भावही हलतो. करातही तोच कल आहे. नव्या विजेच्या गाडीवर ५ टक्के जीएसटी; पण नोंदणीकृत व्यापाऱ्याने जुनी विकली, तर डिसेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेच्या निर्णयानुसार त्याच्या नफ्यावर १८ टक्के.

याचा भार कोणावर पडतो? आपल्याकडे बेताच्या मिळकतीच्या कुटुंबाची पहिली गाडी बहुधा दुसऱ्याने वापरलेली असते. पुनर्विक्रीचा भरवसा नसेल, तर कर्ज देणारी संस्थाही हात आखडता घेते किंवा व्याज वाढवते. जुन्या गाड्यांचा बाजार उभा राहिला नाही, तर विजेची दुचाकी नवी गाडी परवडणाऱ्यांपुरतीच राहील आणि अनुदानाचा सार्वजनिक पैसाही तेथेच थांबेल.

काही उत्पादक हे ओळखू लागले आहेत. आठ वर्षांपर्यंत बॅटरीची ७० टक्के क्षमता टिकेल, अशी हमी एथर कंपनी जादा शुल्क घेऊन देते. पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु मापणारा आणि हमी देणारा एकच असेल, तर तिऱ्हाइताचा विश्वास बसणे कठीण. युरोपीय संघाच्या २०२३ च्या कायद्यानुसार फेब्रुवारी २०२७ पासून विजेच्या मोटारींबरोबर हलक्या वाहनांच्या बॅटरीलाही डिजिटल ओळखपत्र सक्तीचे होणार आहे. आपले २०२२ चे बॅटरी कचरा नियम मुख्यतः बॅटरीच्या अंत्यविधीची व्यवस्था करतात. तिच्या उतारवयाची चिंता त्यांत नाही.

माझ्या मते तीन गोष्टी तातडीने हव्यात. मालकी-बदलाच्या वेळी बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा त्रयस्थ दाखला. दुसऱ्या मालकाकडेही आपोआप जाणारी हमी. आणि बदली बॅटरी किती वर्षे, काय भावाने मिळेल याची विक्रीच्या वेळीच लेखी घोषणा. या तिन्हींसाठी नव्या अनुदानाची गरज नाही. गाडी विकत घेणाऱ्याला ती काय घेतो आहे हे कळावे, इतकीच ही मागणी आहे.