उन्हाळी डोंगरवाट, पाळीव श्वान आणि अभयारण्याची मर्यादा

सह्याद्रीतील भटकंतीचे पावसाळी धोके आता सर्वपरिचित झाले आहेत. त्या मानाने उन्हाळी वाटांची चर्चा क्वचितच होते. सुटीच्या दिवशी पाळीव श्वानाला घेऊन डोंगर चढण्याची हौस शहरी कुटुंबांत रुजू लागली आहे. त्यामुळे सत्तरीसारख्या तालुक्यातील उन्हाळी वाटांचा विचार केवळ माणसाच्या सोयीपुरता करून भागणार नाही.

पहिला प्रश्न उष्म्याचा. माणसाप्रमाणे श्वानाला सर्वांगाला घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवरील व श्वासमार्गातील ओलाव्याच्या बाष्पीभवनातूनच तो शरीर थंड राखतो. गोव्याच्या दमट हवेत हे बाष्पीभवन मंदावते. त्यामुळे तापमापकावरचा आकडा फारसा चढलेला नसतानाही उष्माघाताचा धोका संभवतो. आखूड नाकाच्या जातींना तो अधिक असतो. त्यातच जांभ्याचे उघडे सडे दुपारपर्यंत तापतात आणि पंजे पोळतात. हाताचा तळवा काही क्षणही जेथे टेकवत नाही, तेथे श्वानाला चालवणे ही क्रूरताच होय.

दुसरा प्रश्न गोचिडांचा. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूर जंगलात आढळलेला माकडताप २०१५ मध्ये सत्तरीतील पाली गावातील काजू बागायतींत राबणाऱ्यांपर्यंत पोहोचला. डिसेंबर ते मे हा त्याच्या प्रादुर्भावाचा मुख्य काळ, आणि नेमका हाच कोरड्या वाटांवरील भटकंतीचाही काळ. पाचोळ्यातून फिरणारा श्वान अंगावर गोचीड घेऊन थेट घरात येऊ शकतो. म्हणून परतल्यावर त्याचे कान, मान आणि बोटांमधील फटी तपासणे हा आरोग्यरक्षणाचाच भाग ठरतो.

तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर आहे, तो वन्यजीवांचा. २०१८ साली गीरच्या जंगलात काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले आणि त्यांपैकी काहींच्या तपासणीत कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. पाळीव व भटके श्वान हे या विषाणूचे महत्त्वाचे वाहक मानले जातात. १९९९ साली घोषित झालेल्या सुमारे २०८ चौरस किलोमीटरच्या म्हादई अभयारण्यात वाघ आणि बिबट्यांचा वावर आहे. उन्हाळ्यात पाणवठे आटतात आणि उरलेल्या मोजक्या डबक्यांवर सारे प्राणी एकवटतात. तहानलेला श्वानही तेथेच धाव घेतो. मार्च २०२३ मध्ये याच परिसरात भडकलेले वणवे विझवण्यासाठी नौदल व हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांची मदत घ्यावी लागली होती. अशा होरपळलेल्या अधिवासावर रोगाचा नवा भार टाकणे परवडणारे नाही.

कायद्याची स्थिती येथे बोलकी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातील प्रवेश परवान्याने नियंत्रित होतो. अभयारण्यातील व त्याच्या पाच किलोमीटर परिघातील पशुधनाच्या लसीकरणाची तरतूदही त्यात आहे. मात्र पशुधनाच्या व्याख्येत गायी, म्हशी, शेळ्या, एवढेच काय बदकेही नावानिशी येतात. श्वानाचा उल्लेख नाही. रोगवहनाची शक्यता असलेला हा प्राणी त्या यादीबाहेर राहावा, ही विसंगतीच म्हणावी लागेल.

गावचे श्वान रानात मोकळे फिरत असताना शहरी पाहुण्यालाच का अडवावे, असा प्रतिवाद होऊ शकतो. तो पूर्णतः निराधार नाही. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष सर्वांना मोकळीक देण्याचा नव्हे, तर गावातील श्वानांच्याही लसीकरणाचा आहे. वनखाते, पशुसंवर्धन खाते आणि पंचायती यांनी एकत्र येऊन ते करणे अशक्य नाही. तोवर श्वानप्रेमींनी अभयारण्याबाहेरच्या सावलीच्या वाटा निवडाव्यात, सकाळी लवकर निघून उन्हे चढण्यापूर्वी परतावे, पुरेसे पाणी सोबत न्यावे आणि पट्टा सोडू नये. रानाच्या घरात पाहुण्याने यजमानाची रीत पाळावी, हा आपल्याकडचा जुनाच संकेत आहे. सोबतच्या श्वानालाही तो तितकाच लागू पडतो.